पेन ड्राइव्ह ‘फास्ट’ म्हणजे किती फास्ट?



आजचा विषय बोटभर लांबीचा आहे, पण गटाच्या कपाटातल्या सगळ्या वह्या त्यात मावतात. विषय आहे पेन ड्राइव्ह. ढाणकीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात जाऊन पेन ड्राइव्ह मागितला की दुकानदार दोन गोष्टी विचारतो. किती जीबीचा देऊ? आणि साधा देऊ की फास्ट? पहिल्याचे उत्तर आपण अंदाजाने देतो. दुसऱ्याला म्हणतो, फास्टच द्या भाऊ, एकदाच घ्यायचा आहे. जास्तीचे पैसे देतो, घरी आणतो, आणि पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात भरायला बसलो की चहा होतो, भाकरी होतात, तरी ती हिरवी पट्टी अर्ध्यावरच असते. मग फास्ट होते ते काय होते?

तेच आज समजून घेऊ. कारण हा पैसा पुष्कळदा गटाच्या खात्यातून जातो, आणि त्याचे बिल मासिक बैठकीत वाचून दाखवावे लागते.

आधी ही वस्तू आतून काय आहे ते बघू. जुन्या कॅसेटमध्ये फीत फिरायची, सीडीत तबकडी फिरायची. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नाही. आत नखाएवढी चिप असते आणि तिच्यात कोट्यवधी बारीक खाने असतात. प्रत्येक खान्यात विजेचा थोडा भार कोंडून ठेवलेला असतो. वीज काढून घेतली तरी तो भार टिकतो, म्हणून आपले फोटो टिकतात. ही चिप १९८०च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या अभियंत्याने शोधली. कॉम्प्युटरला ती जोडायची जी चपटी खाच, यूएसबी, तिची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. यूएसबी तयार करणाऱ्या इंटेल कंपनीच्या चमूत अजय भट्ट हे पुढे होते. ते शिकले कुठे, तर आपल्या गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. आणि या दोन्हींची जोडी जमून पहिले पेन ड्राइव्ह बाजारात आले ते २००० साली. त्यात ८ एमबी मावायचे. आज मोबाइलने काढलेले दोन-तीन फोटो म्हणजे झाले ८ एमबी. तरी तेव्हा लोकांना नवल वाटले, कारण त्याआधीच्या फ्लॉपीत दीड एमबीसुद्धा पुरते मावत नव्हते.

आता वेगाकडे येऊ. लक्षात ठेवायची पहिली गोष्ट ही की पेन ड्राइव्हला वेग दोन असतात. एक वाचण्याचा, म्हणजे त्यातले बाहेर काढण्याचा. दुसरा लिहिण्याचा, म्हणजे त्यात भरण्याचा. सोयाबीनची गोणी भरायची तर घमेल्याने टाकत बसावे लागते, कोणीतरी तोंड धरून उभे राहावे लागते. रिकामी करायला एकदा आडवी केली की झाले. पेन ड्राइव्हचे तसेच आहे. भरायला वेळ जास्त, काढायला कमी.

असे का होते? शाळेतली पाटी आठवा. लिहिलेल्या पाटीवर पुन्हा लिहायचे तर आधी पुसावी लागते. चिपमध्येही तेच. आणि त्यातली अडचण अशी की एक शब्द बदलायचा असला तरी तेवढाच पुसता येत नाही, खान्यांचा पूर्ण गठ्ठा एकदम पुसावा लागतो. मग त्यातले जे ठेवायचे ते दुसरीकडे उचलून ठेवा, गठ्ठा पुसा, पुन्हा लिहा. एवढा उपद्व्याप आतल्या आत चाललेला असतो. वाचायला यातले काही लागत नाही, नुसते बघायचे असते.

आता पाकिटावर जो मोठा आकडा छापतात तो कोणता असेल? वाचण्याचा. ‘१५० एमबी पर सेकंदपर्यंत’ असे लिहिलेले असते, आणि ते खोटे नसते. पण आपल्याला ताटकळत बसवतो तो लिहिण्याचा वेग, आणि स्वस्त पेन ड्राइव्हच्या पाकिटावर तो बहुतेकदा नसतोच. असलाच तर मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. म्हणून दुकानात ‘फास्ट आहे का’ असे विचारू नका. ‘राइट स्पीड किती’ असे विचारा. दुकानदार गोंधळला तर पाकीट उलटे करायला सांगा.

हिशोब करून बघू. लग्नाचे शूटिंग धरा, ६० जीबीचे. साध्या, जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ५ ते १० एमबी असतो. आपण ६ धरू. ६० जीबी भरायला लागले पावणेतीन तास. तोच वेग सेकंदाला ६० एमबी असेल तर सतरा मिनिटे. ३८० असेल तर तीन मिनिटांच्या आत. पावणेतीन तास आणि तीन मिनिटे, हा खरा फरक आहे.

आता दुसरा हिशोब, आपल्या गटाचा. ठराव, कर्जाचे अर्ज, पासबुकाची पाने, बिले, असे दोनशे कागद स्कॅन केले. एका कागदाला अर्धा एमबी धरला तर सगळे मिळून झाले १०० एमबी. साध्या पेन ड्राइव्हमध्ये भरायला लागतील सतरा सेकंद. महागड्यात एक सेकंद. ते सोळा सेकंद वाचवायला तिप्पट पैसे द्यायचे का, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर नाही.

एक मात्र सांगून ठेवते. शेकडो बारीक-बारीक फाइली भरायच्या असतील तर कोणताही पेन ड्राइव्ह पाकिटावरच्या आकड्यापेक्षा खूप हळू चालतो. एक क्विंटलची एकच गोणी उचलून ठेवणे वेगळे आणि पाव-पाव किलोच्या चारशे पुड्या मोजून ठेवणे वेगळे. म्हणून दोनशे कागद वेगवेगळे भरण्यापेक्षा कॉम्प्युटरवर त्यांची एकच झिप फाइल करून घ्या. तसेच काही स्वस्त पेन ड्राइव्ह पहिले दोन-तीन जीबी धडाक्यात घेतात आणि मग दमतात. सुरुवातीचा वेग बघून दुकानातच खूश होऊ नका.

पुढची गोष्ट पाकिटावरच्या दुसऱ्या फसव्या आकड्याची. ‘५ जीबीपीएस’ असे लिहिलेले दिसते. वाटते, सेकंदाला पाच जीबी! तसे नाही. हा ‘बी’ बारका, म्हणजे बिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे पाच हजार भागिले आठ, सव्वासहाशे एमबी. आणि तीसुद्धा त्या खाचेची ताकद झाली, पेन ड्राइव्हची नाही. रस्ता चौपदरी आहे म्हणून बैलगाडी काही एसटीसारखी धावत नाही.

खाचेच्या पिढ्या आहेत. यूएसबी २.० ही जुनी. तिच्यातून कागदावर सेकंदाला ६० एमबी जातात, प्रत्यक्षात तीस-पस्तीस. यूएसबी ३.० आली २००८ मध्ये, ती वर सांगितलेली पाच जीबीपीएसवाली. मग कंपन्यांनी नावांचा असा घोळ घातला की विचारू नका. तीच ३.० पुढे ३.१ जेन १ झाली, आणि तीच आता ३.२ जेन १ म्हणून विकतात. सून एकच, माहेरचे नाव, सासरचे नाव आणि आधारवरचे नाव वेगवेगळे, तसे झाले आहे. तेव्हा ३.२ जेन १ लिहिलेले बघून हे ३.० पेक्षा नवे म्हणून जास्त पैसे देऊ नका. जेन २ लिहिले असेल तर मात्र ते खरोखर दुप्पट, दहा जीबीपीएस.

ओळखायची सोपी खूण सांगते. जुन्या २.० च्या तोंडात चार पत्र्या असतात, ३.० मध्ये आत आणखी पाच असतात. बऱ्याच ठिकाणी ३.० च्या आतले प्लास्टिक निळे असते. कॉम्प्युटरच्या खाचेतही निळा रंग बघा, किंवा बाजूला ‘एसएस’ ही दोन इंग्रजी अक्षरे. सगळ्याच कंपन्या निळा रंग देत नाहीत, पण दिसला तर उपयोगी पडतो.

आता हे कशासाठी सांगितले? पाच एचपीची मोटर बसवली आणि पुढे अर्ध्या इंचाची नळी जोडली तर पाणी नळीएवढेच येणार. तुम्ही वेगवान पेन ड्राइव्ह घेतला आणि झेरॉक्सवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या २.० खाचेत लावला, तर तो २.० च्याच चालीने चालेल. बिघडणार काही नाही, चालेल सगळीकडे, फक्त जास्तीचे पैसे वाया. मोबाइलचेही तेच. आपल्या हातातल्या पुष्कळशा स्वस्त फोनची खाच दिसायला नवी टाइप-सी असते, पण आत जुनी २.० च असते. अशा फोनला जगातला सर्वात वेगवान पेन ड्राइव्ह लावला तरी तीस-पस्तीसच्या वर जाणार नाही. आधी आपली नळी कोणती ते बघा, मग मोटर घ्या.

मग कोणासाठी कोणता?

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींपासून सुरू करते. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे मशीन घेतलेल्या बायका आता गावोगाव दिसतात. त्या मशीनला डिझाइन पेन ड्राइव्हमधूनच द्यावे लागते. एक डिझाइन फार तर काहीशे केबीचे असते, म्हणजे एका एमबीपेक्षाही कमी. इथे वेगाचा काडीचा उपयोग नाही. उलट १२८ जीबीचा नवा कोरा पेन ड्राइव्ह लावला तर पुष्कळ मशीन त्याला ओळखतच नाहीत. बाई घाबरते, मशीन बिघडले म्हणते. मशीन ठीक असते. त्याला लहान, जुन्या पद्धतीचा पेन ड्राइव्ह हवा असतो. ८ किंवा १६ जीबीचा, सगळ्यात स्वस्त, आणि तो फक्त त्या मशीनसाठीच ठेवा.

भजनी मंडळाच्या स्पीकर बॉक्सचे, ट्रॅक्टरवरच्या टेपचे असेच आहे. लहान आणि साधा चालतो.

याचे कारण पेन ड्राइव्हच्या आतल्या मांडणीत आहे. कपाटात कप्पे कसे पाडायचे याच्या पद्धती असतात ना, तशा. एक जुनी पद्धत आहे, फॅट३२. ती जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. दुसरी नवी, एक्सफॅट. तिच्यात मोठ्या फाइली बसतात, पण जुन्या यंत्रांना ती कळत नाही. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा पहिल्या मांडणीचे येतात, ६४ आणि वरचे दुसऱ्या. पेन ड्राइव्हमध्ये वीस जीबी जागा रिकामी दिसते आणि तरी पाच जीबीचा व्हिडिओ ‘फाइल टू लार्ज’ म्हणून आत जात नाही, त्याचे कारण हेच. कॉम्प्युटरवर फॉरमॅट करताना मांडणी बदलता येते. फक्त फॉरमॅट केले की आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

आता बचत गटाचे कागद. यासाठी मी ३२ किंवा ६४ जीबीचा दोन तोंडांचा पेन ड्राइव्ह सुचवीन. एका बाजूला नेहमीचे चपटे तोंड, दुसऱ्या बाजूला मोबाइलचे टाइप-सी. कंपन्या याला ड्युअल ड्राइव्ह म्हणतात. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी कॉम्प्युटर आहे? फोन मात्र आहे. बैठक झाली, वहीच्या पानाचे फोटो काढले, तिथेच फोनला पेन ड्राइव्ह लावला आणि फोटो त्यात टाकले. ना नेट लागले, ना रेंज. बंदीभागातल्या गावांमध्ये रेंजचे काय हाल असतात ते तुम्हाला सांगायला नको. तिथली मैत्रीण मोठी फाइल व्हॉट्सअॅपवर टाकायला बसली तर दिवस जाईल, तीच ढाणकीला बाजारासाठी येताना पदराला बांधून आणली तर तासाभरात पोचते. फोन जुना, बारीक खाचेचा असेल तर ओटीजीची छोटी वायर मिळते, तीही चालते.

यात यूएसबी ३.० चा घेतला तर बरे, कारण आता त्याचा आणि जुन्याचा भाव फार लांब राहिलेला नाही. उदाहरण द्यायचे तर सॅनडिस्कचा अल्ट्रा फ्लेअर हा धातूचा, वाचण्याचा वेग १५० एमबीपर्यंत. सॅमसंगचा बार प्लस हाही धातूचा, वाचण्याचा वेग तीनशे-चारशेपर्यंत. दोन्हींचा लिहिण्याचा वेग त्याच्या बराच खाली असतो, पण आपल्या रोजच्या कामाला भरपूर होतो. एवढेच की धातूचा पेन ड्राइव्ह बराच वेळ चालला की तापतो. तापला की चाल मंदावते. हाताला चटका बसला म्हणून तो बिघडला असे समजू नका.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यांचे पोटच या फाइलींवर आहे ते. लग्नाचे फोटो-शूटिंग करणारे, फ्लेक्स छापणारे, व्हिडिओ जोडणारे. आता या कामात मुलीही उतरल्या आहेत, त्यांच्यासाठी हे सांगते. तुम्हाला लिहिण्याचा वेग पाहिजे आणि त्याचे पैसे मोजलेच पाहिजेत. सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रो या पेन ड्राइव्हवर कंपनी वाचण्याचा ४२० आणि लिहिण्याचा ३८० एमबी असे दोन्ही आकडे देते. किंग्स्टनच्या डेटाट्रॅव्हलर मॅक्सवर १,००० आणि ९०० दिले आहेत, पण तेवढा वेग यायला कॉम्प्युटरची खाच जेन २ ची पाहिजे, नाहीतर पुन्हा तीच मोटर आणि तीच नळी. यांच्या आत साध्या पेन ड्राइव्हपेक्षा वेगळी, एसएसडीच्या जातीची यंत्रणा असते, म्हणून हा फरक. दोन्ही आकडे छापायची हिंमत कंपनी करते तेव्हा समजायचे की माल त्या कामाचा आहे.

आणि रोज त्यावरच व्हिडिओ जोडायचे असतील तर पेन ड्राइव्ह सोडा, वायरने जोडायची पोर्टेबल एसएसडी घ्या. सॅमसंगची टी७ घ्या किंवा दुसरी कोणती. ती हातात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असते, सेकंदाला हजार एमबीच्या आसपास चालते, आणि सतत लिहिणे-पुसणे सोसते. पेन ड्राइव्ह न्यायला-आणायला आहे, त्यावर रोजचा संसार मांडायचा नसतो.

आपल्या रेडिओचे काम या दोन्हींच्या मध्ये येते. आवाज चांगल्या प्रतीत, वेव्ह फाइलमध्ये साठवला तर एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला ३०० एमबीचा. एमपी३ केला की मिनिटाला एकच एमबी, म्हणजे तीस एमबीत काम झाले. तेव्हा आवाजासाठी साधा ३.० चा पेन ड्राइव्ह पुरतो. व्हिडिओ मात्र खादाड. मोबाइलवर फुल एचडीत काढलेला एक मिनिट सव्वाशे एमबीच्या आसपास जातो.

आता फसवणुकीचे बघू, आणि हे जरा नीट ऐका. यात्रेत, आठवडी बाजारात, कधी मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘२ टीबी पेन ड्राइव्ह’ मातीमोल भावात दिसतो. दोन टीबी म्हणजे दोन हजार जीबी. एवढी जागा त्या भावात कोणालाही देता येत नाही. मग तो असतो काय? आत खरी चिप असते ८ किंवा १६ जीबीची, आणि तिला खोटे बोलायला शिकवलेले असते. कॉम्प्युटरने विचारले, किती जागा? ती म्हणते, दोन हजार.

खरा घोटाळा पुढे आहे. सोळा पानांच्या वहीवर हजार पाने असे पुट्ठा लावला आणि लिहिणाऱ्याला वरून आज्ञा दिली की पाने संपली की पुन्हा पहिल्या पानापासून जुन्यावरच लिही. तो लिहीत राहील, वरून सगळे ठीक दिसेल. पेन ड्राइव्ह तेच करतो. फाइलींची नावे दिसतात, फोटोंची संख्या दिसते, आणि उघडायला गेलात की काही नाही. बाईला हे सहा महिन्यांनी कळते, कारण भरताना कोणी उघडून बघत नाही. फोनमधले फोटो तोपर्यंत पुसून टाकलेले असतात.

तपासायचे कसे? नवा पेन ड्राइव्ह घेतला की महत्त्वाचे काही टाकण्याआधी तो काठोकाठ भरा. मोठे व्हिडिओ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा टाका. मग तो काढा, परत लावा, आणि पहिला, मधला, शेवटचा असे व्हिडिओ पूर्ण चालवून बघा. चालले तर जागा खरी. कॉम्प्युटरवर हे काम करणारे फुकट प्रोग्रॅमही आहेत, एचटूटेस्टडब्ल्यू आणि एफथ्री या नावांचे, कोणा शिकलेल्या पोराकडून करून घ्या. आणि बिल घ्याच. चांगल्या कंपन्या बऱ्याच पेन ड्राइव्हवर पाच वर्षांची वॉरंटी देतात. बिगर बिलाचा माल परत कोण घेणार?

मात्र ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर ५९ जीबी आणि काही दाखवतो, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारचा हिशोब धरते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसचा धरतो. त्यातला तो फरक आहे, चोरी नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह देताना काय घडते तेही सांगते. दिवसभरात शंभर जणांचे पेन ड्राइव्ह त्या एका कॉम्प्युटरला लागतात. एकाचा आजार दुसऱ्याला. फाइली दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, तो या आजाराचाच एक प्रकार. ही गोष्ट जुनी आहे. फ्लॉपीच्या काळातही व्हायरस असाच हातोहात पसरायचा, आणि त्यावर औषध काढणारे आपल्याच महाराष्ट्रातले दोन भाऊ होते, कैलास आणि संजय काटकर. थोरला पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा, धाकटा कॉम्प्युटर शिकला, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी जे अँटिव्हायरस केले ते पुढे क्विक हील नावाने देशभर गेले.

आपण करायचे ते एवढेच. बाहेर द्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा, लहान, आणि त्यात फक्त ज्याची प्रिंट हवी तो कागद. गटाचा मुख्य पेन ड्राइव्ह दुकानात द्यायचाच नाही. आधार, पासबुक यांच्या फाइली दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या असतील तर डोळ्यांसमोर पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. मागायला संकोच करू नका, कागद आपला आहे. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. आणि पेन ड्राइव्ह ओढून काढू नका. ‘इजेक्ट’ करून काढायचा. लिहिणे चालू असताना ओढला तर पाटी अर्धी पुसलेली राहते आणि तिच्यावरचे जुनेही जाते.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पेन ड्राइव्ह ही पेटी नाही. त्यात भरून, फडक्यात गुंडाळून, धान्याच्या कोठीत दहा वर्षे ठेवायची ती वस्तू नव्हे. खान्यांत कोंडलेला तो विजेचा भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत लवकर गळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याच्या घरात त्याहून तापते. म्हणून तो गार, कोरड्या जागी ठेवायचा, वर्षातून एक-दोनदा लावून फाइली उघडून बघायच्या, आणि एकाच वस्तूवर कधीच विसंबायचे नाही. मूळ कागद वहीत, एक प्रत गटाच्या पेन ड्राइव्हमध्ये, दुसरी प्रत दुसऱ्या घरातल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये. वॉरंटीत कंपनी पेन ड्राइव्ह बदलून देते, आतला हिशोब देत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायका तीन हजारांहून अधिक. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या शंभर तासांहून अधिक ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या टेपा जपल्या, कॉम्प्युटरवर उतरवल्या, म्हणून २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या कोणालाही ऐकता येतात. गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी आज नाहीत. शंभर तासांचा आवाज चांगल्या प्रतीत साठवायचा म्हणजे साधारण ६० जीबी. आज एका १२८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये तेवढे बसून वर जागा उरते. तुमच्या गावातल्या आजीच्या ओव्या कोणी मोबाइलवर घेतल्या असतील तर त्या आत्ता कुठे आहेत? फोन पडला, पाण्यात गेला, पोराने जागा भरली म्हणून पुसला, तर? बैठकीत एकदा विचारून बघा.

आणि गटाच्या हिशोबाचेही विचारा. पुष्कळ गटांत ते फोटो सचिवताईंच्या मुलाच्या फोनमध्ये असतात, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. बँकेचे अधिकारी कागद मागतात तेव्हा त्याला फोन लावत बसायचे. पैसा बायकांचा, सही बायकांची, आणि कागद दुसऱ्याच्या खिशात. गटाचा पेन ड्राइव्ह गटाच्या नावाने घ्या. मालमत्तेच्या नोंदीत किंमत आणि बिल नंबर टाका. कोणाकडून कोणाकडे दिला याची सही घ्या, जशी पेटीच्या चावीची घेता. वर नेलपॉलिशने गटाच्या नावाचे पहिले अक्षर काढा, नाहीतर दुकानाच्या टेबलावर सगळे काळे पेन ड्राइव्ह सारखेच दिसतात. आत वर्षाप्रमाणे फोल्डर करा, २०२३-२४, २०२४-२५ असे, आणि फाइलीला नाव देताना ‘नवीन’, ‘नवीन २’ असे न देता तारीख आणि काम लिहा.

बाजारात जाताना चिठ्ठीवर एवढे लिहून न्या: ३२ किंवा ६४ जीबी, यूएसबी ३.०, एक तोंड टाइप-सी, राइट स्पीड किती, पक्के बिल. दोन घ्यायचे आहेत हेही लिहा, म्हणजे भाव करता येईल.